‘त्याला काय कळतंय त्यातलं?’

सतरा वर्षांचा मुलगा. डाऊन सिंड्रोम असलेला. विशेष शाळेची व्हॅन साडेआठला येते, पण हल्ली तो आठपासूनच आरशासमोर उभा असतो. दादाचा डिओ भसाभसा मारतो, केस पुन्हा पुन्हा ओले करून बसवतो. आईला वाटलं, चला, टापटीप शिकला. मग एक दिवस व्हॅनमधल्या मावशींनी हसत हसत सांगितलं, की तो रोज एका मुलीसाठी शेजारची जागा अडवून ठेवतो आणि दुसरं कुणी बसलं तर भांडतो. घरात हशा पिकला. आजी म्हणाली, ‘‘त्याला काय कळतंय त्यातलं!’’

त्याला कळतं. कुणाजवळ बसावंसं वाटतं, कुणी आपल्याकडे बघून हसलं की दिवस कसा छान जातो, हे कळायला बुद्ध्यांक लागत नाही. कळत नाही ते पुढचं. हे बोलून कसं दाखवायचं, कुठे थांबायचं, समोरची ‘नको’ म्हणाली तर काय करायचं. बाकीची मुलं हे सगळं कट्ट्यावर, कँटीनमध्ये, मित्रांच्या थट्टामस्करीत चुकतमाकत शिकतात. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या वाट्याला तो कट्टाच येत नाही. म्हणून त्यांना हे कुणीतरी जवळ बसवून, सोपं करून, दहा वेळा शिकवावं लागतं. आईवडील, भावंडं आणि विशेष शिक्षक यांच्यासाठी हा लेख आहे.

अहवालातलं वय

मूल्यमापनाच्या अहवालात ‘मानसिक वय सहा वर्षं’ असं लिहिलेलं असतं आणि ते वाक्य घरात खोलवर रुतून बसतं. मुलगी पंधरा वर्षांची झाली तरी तिच्यासाठी बाहुल्यांचे कपडे घेतले जातात, पाहुण्यांसमोर तिचा उल्लेख ‘आमचं बाळ’ असाच होतो. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की चाचणीतले प्रश्न तिने साधारण सहा वर्षांच्या मुलाइतके सोडवले. तिच्या गाठीला पंधरा वर्षांचं जगणं आहे, हे त्या आकड्यात दिसत नाही. तिने चुलत बहिणीचं लग्न पाहिलंय, मालिकेतला नायक तिला आवडतो आणि वहिनी गरोदर असल्याचं तिने इतरांच्या आधी ओळखलेलं असतं.

शरीरही अहवाल वाचून वाढत नाही. बौद्धिक अक्षमता असलेली बहुतेक मुलं इतरांच्याच वयात वयात येतात. पाळी, मिसरूड, आवाज फुटणं, लैंगिक इच्छा हे सगळं साधारण वेळेवर येतं. उशीर होतो तो आपल्या तयारीला.

१९९१ च्या ‘चौकट राजा’मधला दिलीप प्रभावळकरांचा नंदू मराठी प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला. त्याच्यासाठी आपण रडलो, आणि थिएटरबाहेर आल्यावर अशा माणसाला निरागस बाळच मानत राहिलो. शोनाली बोस यांच्या २०१४ च्या ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’ची नायिका सेरेब्रल पाल्सी असलेली तरुणी आहे. तिथे तिची इच्छा, तिचं प्रेमात पडणं आणि नाकारलं जाणं हाच कथेचा गाभा आहे. पालकांनी आधी एकट्याने पाहावा असा हा चित्रपट आहे. मुलाला काय दाखवायचं ते नंतर ठरवता येईल, आपल्या नजरेत काय बदलायचं ते आधी कळतं.

पुढचं सगळं एका गोष्टीभोवती फिरतं. लाडाने लहान ठेवलेलं मूल सुरक्षित नसतं. ज्याला घरात ‘नाही’ म्हणू दिलेलं नाही, तो बाहेर म्हणू शकत नाही. आणि ज्याला कधी सरळपणे ‘नाही’ म्हटलेलं नाही, त्याला दुसऱ्याचं ‘नाही’ पचत नाही. पहिलं प्रेम या दोन्ही गोष्टींची परीक्षा घेतं.

आधी शरीराची ओळख

प्रेमाबद्दल बोलण्याआधी शरीराबद्दल बोलावं लागतं. अवयवांची खरी नावं शिकवा: शिश्न, वृषण, योनी, स्तन. घरात ‘शूची जागा’ म्हणत असाल तर म्हणा, पण खरा शब्दही माहीत हवा. उद्या काही वावगं घडलं तर डॉक्टरांना, शिक्षिकेला किंवा पोलिसांना मुलाचं बोलणं निःसंदिग्ध कळलं पाहिजे. बोलता न येणाऱ्या मुलांच्या चित्रफलकावर किंवा संवादाच्या ॲपमध्ये बहुधा ‘पाणी’, ‘भूक’, ‘टीव्ही’ असतं, शरीराची चित्रं नसतात. ती आजच घाला. ‘नको’, ‘थांब’ आणि ‘दुखतंय’ हीसुद्धा घाला.

मुलीची पाळी सुरू होण्याआधीच सराव करून घ्या. रिकाम्या दिवशी पॅड लावून अर्धा तास, मग एक तास वावरू द्या. काही स्वमग्न मुलींना प्लॅस्टिकचा आवाज किंवा ओलसर स्पर्श सहन होत नाही. त्यांना सुती कापडी पॅड किंवा पाळीसाठीची खास अंतर्वस्त्रं जास्त सोयीची वाटतात. पॅडवर लाल रंगाचे थेंब टाकून दाखवा, म्हणजे पहिल्यांदा रक्त दिसल्यावर ती घाबरणार नाही. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकणं, हात धुणं, कॅलेंडरवर खूण करणं या पायऱ्यांची चित्रं न्हाणीघराच्या दाराला आतून चिकटवा. चारपाच महिने चिकाटीने केलं तर बऱ्याच मुली यातलं पुष्कळ स्वतः करू लागतात.

मुलग्यांच्या बाबतीत पालक सगळ्यांत जास्त घाबरतात ते हस्तमैथुनाला. हा आजार नव्हे, वाईट वळणही नव्हे. चूक असू शकते ती जागेची. दिवाणखान्यात, व्हॅनमध्ये किंवा वर्गात हात पँटमध्ये गेला की मारणं, चटके देणं, ‘शी शी’ म्हणून ओरडणं यांतून मूल एवढंच शिकतं, की आपलं शरीर घाण आहे. त्यापेक्षा शांतपणे, दर वेळी त्याच शब्दांत सांगा: ‘‘हे खासगी आहे. बाथरूममध्ये, दार लावून.’’ आणि त्याला तिकडे जाऊ द्या. वनरूम किचनच्या घरात स्वतंत्र खोली नसते, पण न्हाणीघराची कडी असतेच. घरात आणि शाळेत एकच वाक्य वापरलं जाईल असं शिक्षिकेशी बोलून ठरवा. फारच वारंवार होत असेल तर खाज, जंतुसंसर्ग, घट्ट कपडे किंवा निव्वळ रिकामपण यांतलं काही आहे का ते आधी पाहा.

मिठी कुणाला, टाळी कुणाला

लहानपणी या मुलांना सगळेच जवळ घेतात. वॉचमनकाका, दुकानदार, पाहुणे, सगळ्यांना ‘पापा दे’ म्हटलं की ते देतात, आणि लोक कौतुकाने म्हणतात, किती प्रेमळ आहे. तेच मूल सोळाव्या वर्षी बसस्टॉपवरच्या अनोळखी मुलीला मिठी मारतं तेव्हा आरडाओरडा होतो. मुलाच्या लेखी नियम अचानक बदललेला असतो आणि तो का बदलला, हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून अनोळखी आणि अर्धवट ओळखीच्या माणसांना मिठ्या मारणं सातव्या-आठव्या वर्षीच बंद करा. त्याऐवजी नमस्कार, हात मिळवणं किंवा टाळी शिकवा.

यासाठी वर्तुळांची पद्धत जगभर वापरली जाते आणि घरी सहज करता येते. फरशीवर खडूने एकात एक पाच वर्तुळं काढा. मधोमध मुलाचा स्वतःचा फोटो. त्याभोवती आई, बाबा, भावंडं: इथे मिठी चालते. त्याबाहेर आजी-आजोबा, मावशी, काका: खांद्यावर हात. मग मित्रमैत्रिणी: टाळी, हात मिळवणं. सगळ्यांत बाहेर व्हॅनकाका, वाणी, शेजारी: हात हलवणं आणि बोलणं. वर्तुळांच्या बाहेर उरलेलं सगळं जग, त्याला स्पर्श नाही. फोटो मुलालाच ठेवायला सांगा. एखाद्या फोटोपाशी तो अडखळला, किंवा कुणाचा फोटो रागाने दूर सरकवला, तर तिथे थांबा आणि का ते विचारा. अशा वेळी कधी कधी मोठी गोष्ट बाहेर येते.

मात्र केवळ वर्तुळांवर विसंबू नका. गैरफायदा घेणारा माणूस बऱ्याचदा ओळखीचा, आतल्या वर्तुळातलाच असतो. त्यामुळे दोन नियम सगळ्या वर्तुळांना लागू. पहिला: खासगी अवयवांना कुणीही हात लावायचा नाही; स्वच्छतेसाठी किंवा तपासणीसाठी लावावा लागला तर आधी विचारून, कारण सांगून. दुसरा: स्पर्शाचं गुपित ठेवायचं नाही. ‘कुणाला सांगू नकोस’ असं जो म्हणेल, त्याचंच नाव आईला सांगायचं.

ज्या मुलांना अंघोळीला, शौचाला मदत लागते त्यांच्यासाठी हे जास्तच महत्त्वाचं. रोज चार हात न विचारता अंगाला लागत असतील, तर पाचवा हात वाईट आहे हे मुलाने ओळखायचं कसं? ‘‘आता पाठ धुतो हं’’ असं सांगून मग हात लावा. जेवढं त्याला जमेल तेवढं त्याचं त्याला करू द्या, निदान शूची जागा धुण्यासाठी मग तरी त्याच्या हातात द्या.

आणि घरातलं त्याचं ‘नाही’ ऐका. आज निळा शर्ट नको, आत्याच्या गालगुच्च्या नकोत, भाजीत वांगं नको. सगळं मान्य करणं शक्य नसतं, पण दिवसातून काही ‘नाही’ मानली गेली पाहिजेत. आत्याला वाईट वाटलं तर वाटू दे. सुरक्षिततेचा पहिला धडा तिथेच मिळतो.

स्वीकार: कौतुक वेगळं, मैत्री वेगळी

‘सोसायटीत सगळे त्याच्याशी खूप छान वागतात,’ असं पालक समाधानाने सांगतात. मग एक साधा प्रश्न विचारावा: गेल्या वर्षभरात त्याच्या वयाच्या कुणी त्याला वाढदिवसाला बोलावलं? त्याच्या फोनवर नातेवाईक सोडून कुणाचा मेसेज येतो? उत्तर बहुधा शांतता असतं. गणपतीत त्याच्या हस्ते आरती करून टाळ्या वाजवणं हे कौतुक झालं. मैत्री त्यापुढे सुरू होते.

मैत्री नुसत्या ओळखीने होत नाही, बरोबर काही काम केल्याने होते. म्हणून मांडवात त्याला दर्शनी जागा मागू नका, काम मागा: प्रसादाचे द्रोण भरणं, खुर्च्या लावणं, आरतीची वेळ झाली की दारोदार सांगत फिरणं. हे काम त्याचं एकट्याचं असावं, तो नसला तर अडावं. खेळाची आवड असेल तर स्पेशल ऑलिम्पिक्सच्या ‘युनिफाइड स्पोर्ट्स’बद्दल शाळेत विचारा. त्यात बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघातून खेळतात. स्वयंपाक, ढोल, सायकल, फोटो काढणं, काहीही चालेल. आठवड्यातून एक ठरलेली वेळ, तीच दोनचार मुलं आणि एक हातातलं काम, एवढ्यावर मैत्रीचा जम बसतो. सुरुवातीला एक मोठं माणूस आसपास लागतं, पण त्याने मध्ये मध्ये बोलायचं नाही.

याच वयात आणखी एक प्रश्न येतो, आणि तो आईच्या काळजाचं पाणी करतो: ‘‘आई, मी असा का आहे?’’ किंवा ‘‘दादा कॉलेजला जातो, मी का नाही?’’ अशा वेळी ‘तूपण जाशील हं’ म्हणून वेळ मारून नेऊ नका. खरं सांगा, त्याला समजेल असं: ‘‘तुझ्या मेंदूला नवी गोष्ट शिकायला जास्त वेळ लागतो. याला डाऊन सिंड्रोम म्हणतात. तू जन्मलास तेव्हापासून आहे. यात तुझी चूक नाही, आमचीही नाही.’’ आणि लगेच त्याला काय चांगलं येतं तेही सांगा. स्वतःच्या अक्षमतेचं नाव ज्याला माहीत असतं, त्याला लोकांनी मारलेले शेरे जरा कमी बोचतात. शिवाय मदत मागताना त्याला ते नाव उपयोगी पडतं.

‘मला ती आवडते’

हे वाक्य ऐकलं की दोन चुका होतात. हसायचं, नाहीतर घाबरून मुलाची व्हॅन बदलायची, मुलीची शाळा बंद करायची. दोन्हींतून मूल एकच शिकतं, की हे घरात बोलायचं नाही. मग ते चोरून होतं, आणि चोरून झालेल्या गोष्टीत तुम्ही मदत करू शकत नाही.

आधी आनंदाने ऐका. ‘‘अरे वा, आवडते का? काय आवडतं तिचं?’’ मग हळूहळू विचारा, तिच्याबरोबर काय करावंसं वाटतं. उत्तरं ऐकून थक्क व्हाल. शेजारी बसायचंय, डबा वाटून खायचाय, हातात हात धरायचाय. एखादा म्हणेल, ‘‘दादाला गर्लफ्रेंड आहे, मलापण पाहिजे.’’ या उत्तरात प्रेमापेक्षा दादाच्या रांगेत बसण्याची आस जास्त असते. काही मुलं ठासून सांगतात, की मला नॉर्मल मुलगीच हवी, आमच्या शाळेतली नको. जगाने त्यांना जे शिकवलं तेच ती बोलत असतात. त्यावर चिडू नका. त्या मुलाला मित्रांची, कामाची आणि मानाची किती भूक आहे ते त्यातून समजून घ्या. मघाशी मैत्रीबद्दल इतकं बोललो ते यासाठीच: मित्र नसलेल्या मुलाचं सगळं ओझं एकट्या प्रेमावर येऊन पडतं.

मग फरक शिकवा. चित्रं काढून, फोटो लावून, मालिकेतल्या प्रसंगावर बोट ठेवून सांगा. मैत्रीण म्हणजे जिच्याशी आपण बोलतो, खेळतो. ‘आवडते’ म्हणजे आपल्याला तिच्याबद्दल खास वाटतं, तिला तसं वाटेलच असं नाही. गर्लफ्रेंड म्हणजे दोघांनाही तसं वाटतं आणि दोघांनीही तसं सांगितलंय. ती हसली, तिने पेन दिलं, ‘कसा आहेस’ विचारलं, म्हणून ती गर्लफ्रेंड होत नाही. बऱ्याच स्वमग्न मुलांना चेहऱ्यावरचे भाव वाचणं अवघड जात असल्याने ही रेषा खडूने ओढल्यासारखी स्पष्ट लागते.

कुणावर प्रेम करायचं नाही, तेही सांगा. शिक्षिका, थेरपिस्ट, डॉक्टर ही कामाची माणसं. ती गोड बोलतात कारण ते त्यांचं काम आहे. लग्न झालेली व्यक्ती नाही, नात्यातलं कुणी नाही आणि आपल्यापेक्षा खूप लहान मूल तर अजिबात नाही. या शेवटच्या मुद्द्यावर ढिलाई नको. काही तरुणांना आपल्याहून लहान मुलांशीच बोलणं सोपं जातं. मुलगा निरागस असतो, पण लहान मुलाच्या आईवडिलांना ते दिसेलच असं नाही, आणि त्या लहान मुलाची सुरक्षितताही आपलीच जबाबदारी.

मग सराव. घरात दादा किंवा ताई समोर बसवा आणि वाक्य पाठ करून घ्या: ‘‘शनिवारी आपण दोघं आइस्क्रीम खायला जाऊ या का? तुला आवडेल का?’’ तीन वेगवेगळी उत्तरं वठवा. एकदा ‘हो’. एकदा ‘नको’. आणि एकदा ‘बघू, आईला विचारते’. तिसरं उत्तर सर्वांत अवघड, कारण आपल्याकडे पुष्कळ लोक ‘नाही’ म्हणायचं टाळून ‘बघू’ म्हणतात. म्हणून नियम सोपा ठेवा: एकदा विचारायचं, स्पष्ट ‘हो’ आलं तरच हो, नाहीतर पुन्हा विचारायचं नाही.

नकार आला तर

नकार येईल, हे आधीच सांगून ठेवा. बहुतेकांना पहिल्या प्रेमात नकारच येतो, तुम्हालाही आला असेल. तो किस्सा मुलाला सांगा. बाबांनाही कुणी ‘नाही’ म्हणालं होतं, हे ऐकून मुलाच्या चेहऱ्यावर जो दिलासा येतो, तो समुपदेशनाच्या तासातूनही येत नाही.

त्याला रडू द्या. ‘त्यात काय एवढं’ म्हणू नका. दुःखाला नाव द्या: वाईट वाटतंय, राग आलाय, लाज वाटतेय. मग काय करायचं नाही ते सांगा. तिच्या मागे जायचं नाही, तिच्या घरासमोर उभं राहायचं नाही, वीस फोन करायचे नाहीत, तिच्या मैत्रिणीला निरोप द्यायचे नाहीत. एखाद्या स्त्रीने स्पष्ट नको म्हटल्यावरही तिचा पाठलाग करणं, पुन्हा पुन्हा संपर्क करणं कायद्याने गुन्हा आहे. आपल्या मुलाचा हेतू वाईट नसतो, पण तिला वाटणारी भीती खरी असते. आणि काय करायचं तेही हवं: चालायला जाणं, ढोल बडवणं, आवडती गाणी लावणं, ताईला फोन करणं. कागदावर लिहून कपाटाच्या दाराला लावा.

मुलींना नकार देणंही शिकवायचं. ‘हो’ म्हटलं की लोक खूश होतात, हे या मुलींना लहानपणापासून शिकवलेलं असतं. कुणी ‘तू मला आवडतेस’ म्हटलं, की स्वीकाराच्या भुकेपायी त्या काहीही मान्य करू शकतात. तिच्याकडून मोठ्या आवाजात म्हणवून घ्या: ‘‘नको. मला आवडत नाही. मी जाते.’’ हात पुढे, पाय मागे, मग तिथून निघून यायचं. दर आठवड्याला हा सराव करा.

दोघांनाही आवडत असेल तर

असंही होतं, आणि तेव्हा पालकांची खरी कसोटी लागते. दोन्ही घरांनी एकत्र बसून बोलावं. मुलांना भेटू द्या: बागेत, घरी चहाला, सिनेमाला. एक मोठं माणूस जवळपास, पण पुढच्या टेबलावर. स्पर्शाचे नियम दोघांना एकत्र, एकाच शब्दांत सांगा. हातात हात चालेल, दोघांना आवडत असेल तर. कुणी ‘पुरे’ म्हणालं की लगेच थांबायचं. कपडे काढायचे नाहीत, दार लावून बसायचं नाही. उगाच आडवळणाने बोलू नका. ‘असं-तसं काही करायचं नाही’ हे त्यांना कळत नाही.

मोबाइलचं वेगळं सांगायला हवं. अनोळखी माणसाची रिक्वेस्ट स्वीकारायची नाही. पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. अंगावर कपडे नसलेला फोटो कुणालाही पाठवायचा नाही, आला तर पुढे ढकलायचा नाही आणि लगेच दाखवायचा. १८ वर्षांखालील मुलांचे असे फोटो जवळ ठेवणं किंवा पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे. फोन हिसकावून घेणं सोपं असतं, पण मित्रांशी जोडणारी ती एकमेव दोरी असू शकते. फोन ठेवायची जागा आणि वेळ ठरवा, मधूनमधून त्याच्यासमोर, त्याला सांगून बघा.

कायदा काय म्हणतो

२०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिच्या संमतीला कायद्याच्या दृष्टीने अर्थ नाही. दोघंही सतरा वर्षांची, दोघांच्याही मर्जीने, तरी शरीरसंबंध आला की कायदा लागू होतो. बालकाच्या अक्षमतेचा गैरफायदा घेऊन केलेला अत्याचार हा कायदा अधिक गंभीर मानतो. गुन्हा घडल्याचं माहीत असूनही न कळवणं हासुद्धा गुन्हा आहे. जबाब नोंदवताना विशेष शिक्षकाची किंवा मुलाची भाषा समजणाऱ्या व्यक्तीची मदत घेण्याची तरतूद त्यात आहे. ती मागून घ्या. मदतीसाठी १०९८ ही बालकांची आणि ११२ ही तातडीची हेल्पलाइन आहे. मूल अत्याचाराबद्दल बोलू लागलं तर मध्ये सूचक प्रश्न विचारू नका, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा आणि कपडे धुऊ नका.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम १० नुसार प्रजनन आणि कुटुंबनियोजनाची योग्य माहिती मिळणं हा दिव्यांगांचा हक्क आहे, आणि त्यांच्या मुक्त, माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही शस्त्रक्रिया करता येत नाही. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रियांची गर्भाशयं पुण्यात काढण्यात आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ उठला होता. आजही ‘पाळीची कटकट नको आणि भीतीही नको’ म्हणून असा सल्ला कानावर येतो. गर्भाशय काढल्याने गर्भधारणा थांबते, अत्याचार थांबत नाही. उलट तो झाल्याचा एक पुरावा नाहीसा होतो.

मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याच्या दृष्टीने ते प्रौढ असतं, आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. पण पालकत्व मिळालं म्हणजे त्याच्या भावनांचा ताबा मिळाला असं नव्हे. कुठले निर्णय तो स्वतः घेऊ शकतो आणि कुठल्या निर्णयात त्याला मदत लागते, याची यादी त्याच्यासोबत बसूनच करा.

लग्नाचा विषय

‘लग्न करून द्या, सगळं सुरळीत होईल’ हा सल्ला देणारे नातेवाईक प्रत्येक घरात भेटतात. अक्षमता लपवून केलेल्या लग्नात दोन माणसांची फसवणूक होते: समोरच्याची, आणि लग्न म्हणजे काय हे न सांगता बोहल्यावर उभ्या केलेल्या आपल्या मुलाची. दुसरीकडे, ‘याला लग्नाचं कधीच नाव काढायचं नाही’ हेही टोक झालं. बौद्धिक अक्षमता असलेली काही जोडपी आधाराने चांगला संसार करतात. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात विवाह आणि कुटुंबाचा हक्क दिव्यांगांनाही आहे. प्रश्न असे विचारावेत: लग्न म्हणजे काय हे त्याला समजलंय का? त्याला हवंय का? रोजच्या आयुष्याला लागणारा आधार कोण देणार, किती वर्षं? मूल हवं की नको, आणि नको तर काय करायचं, हे दोघांना समजावलंय का? उत्तरं मिळेपर्यंत घाई नको. सतराव्या वर्षी तर या प्रश्नाला हातही लावायला नको. आत्ता विषय व्हॅनमधल्या शेजारच्या जागेचा आहे.

एकट्याने हे निभावत नाही. शाळेला वयात येणाऱ्या मुलांसाठी वर्ग घ्यायला सांगा. शाळा कचरत असेल तर चार पालकांनी मिळून मागणी करा. मुंबईतलं उम्मीद, गोव्यातलं सेतू यांसारख्या बालविकास केंद्रांमध्ये या विषयावर मोकळेपणाने बोलणारी माणसं भेटतात. जिल्ह्यातल्या पालक संघटनेत जा. आणि घरात मुलग्यांशी बोलण्याचं काम बाबांनी आणि मामांनी अंगावर घ्यावं, सगळं आईवर सोडू नये.

प्रत्येक पालकाच्या उशाशी एक प्रश्न असतो: आमच्यामागे याचं कसं? त्यासाठी आपण ठेवी ठेवतो, विमा काढतो, मृत्युपत्र करतो. ते करावंच. पण सत्तराव्या वर्षी मागे ठेवायची शिदोरी पैशाची एकटीच नसते. आपल्या मुलाचं ‘हो’ आणि ‘नाही’ ओळखणारी चार माणसं, आणि ते ‘हो’ आणि ‘नाही’ म्हणता येणारं मूल, ही त्यातली दुसरी अर्धी. ती सतराव्या वर्षापासूनच बांधावी लागते. उद्या सकाळी तो आरशासमोर दिसला, तर त्याला विचारा: कुणासाठी रे एवढी तयारी? आणि मग हसू नका, ऐका.